धावणाऱ्याची किंमत कोणी ठरवायची?

आधीच सांगते, हा आपला मेस्सीवाला फुटबॉल नाही. अमेरिकन फुटबॉल: हेल्मेट, धक्काबुक्की आणि दरवर्षीचा ड्राफ्ट. आयपीएलसारखी बोली इथे नसते. तळाचा संघ पहिला खेळाडू उचलतो, मग पुढचा. पहिला मान क्वार्टरबॅकचा, यावर फारसा वाद नाही. भांडण आहे ते त्याच्यानंतर कोण याचं: त्याचं रक्षण करणारा टॅकल, चेंडू झेलणारा रिसीव्हर की चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक?

या चर्चेत केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हो, नोबेलवालेच) यांचा २०१३ चा पेपर हटकून येतो. एकाच जागेवरचे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना जेमतेम ५२ टक्के दिसली. म्हणजे नाणेफेकच की! पेपर झकास आहे. माझी तक्रार आहे ती त्याची पद्धत उचलून वेगवेगळ्या जागांची तुलना करणाऱ्यांशी.

त्यांचा तर्क असा. २०११ पासून नवख्याचा पगार जवळजवळ पूर्णपणे ड्राफ्टमधल्या क्रमांकावर ठरतो, जागेवर नाही. अनुभवी टॅकल बाजारात महाग, रनिंग बॅक स्वस्त. मग ड्राफ्टमध्ये टॅकल घ्या, पैसे वाचवा. सॅलरी कॅप असल्यामुळे ही बचत खरी आहे, मान्य. पण खेळाडूचं 'मूल्य' मोजलं कशानं? अनुभवी खेळाडूंच्या पगारानं. आणि तो पगार ठरवतं कोण? ड्राफ्टमध्ये चुका करतात म्हणून ज्यांना आपण हसतो, तेच व्यवस्थापक! यातून काय स्वस्त पडतं ते कळतं. सामना कशानं जिंकला जातो, ते कळत नाही.

सक्वॉन बार्कलीचंच बघा. २०१८ मध्ये जायंट्सनं त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि टीका ओढवून घेतली. २०२३ मध्ये तिथे त्याच्या ९६२ यार्ड. पुढच्याच वर्षी ईगल्सकडे गेला आणि नियमित हंगामात २,००५ यार्ड, वर सुपर बोल. माणूस तोच, पुढची भिंत वेगळी. आमच्या लॅबमध्ये दोन चल एकदम बदलून निष्कर्ष काढला तर गाईड दाराबाहेर उभं करतील. इथे मात्र धावणाऱ्याच्या यार्डांत भिंतीचं श्रेय मिसळलेलं असतं, आणि तेच आकडे घेऊन जागांची उतरंड लावली जाते.

बरं, मग पहिल्या फेरीत भिंतच बांधावी का? त्याच भिंतीतला जॉर्डन मायलाटा सातव्या फेरीत मिळालेला. ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगवाला, हा खेळ आधी कधी खेळलेलाच नव्हता.

२०२१ चं बेंगल्सचं उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. २०२० मध्ये बरोचा गुडघा गेला होता, तरी त्यांनी टॅकल सूअल सोडून रिसीव्हर जमार चेस घेतला. त्याच हंगामात ते सुपर बोलला पोचले, तिथे बरो सात वेळा पाडला गेला आणि ते हरले. सिद्ध काय झालं? काहीच नाही, एका हंगामाचा नमुना तो. आज मला निवडायला सांगितलं तर मी टॅकल घेईन, पण बचतीसाठी, हे कबूल करून.

खरं उत्तर दुखापतींत सापडेल असं वाटतं. रनिंग बॅक जायबंदी होतो, भिंत तीच राहते, बदली खेळाडू पळतो. मग उलट: टॅकल बाहेर, धावणारा तोच. फरक पगारात नाही, गुणफलकात मोजायचा. अशा जोड्या दर हंगामात आपसूक तयार होतात.