माळरानावरचा मनोरा

ओळखीतल्या एका तरुण वास्तुविशारदाने मध्यंतरी एक आराखडा माझ्यापुढे पसरला. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या सीमेवर, भीमेच्या वळणाकडे तोंड करून एक ध्यानमनोरा उभारावा, शहरातल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी तिथे दोन दिवस मौनात राहावे आणि निसर्गाशी तुटलेले नाते पुन्हा जोडावे, अशी त्याची कल्पना. चार मजले, माथ्यावर चहूबाजूंनी काचेची ध्यानखोली, पायथ्याशी वाहनतळ. चित्र देखणे होते. ‘कसे वाटते?’ असे त्याने विचारले तेव्हा मी तोंडदेखले काहीतरी बोलून वेळ मारून नेली. जे तेव्हा बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे. तो रागावणार नाही, अशी आशा आहे.

बुरूज आपल्या परंपरेला परका नाही. बाबेलचा बुरूज सर्वांना ठाऊक आहे. पण यशयाच्या पाचव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मधोमध बांधलेला बुरूजही आहे, आणि त्याचे काम राखणीचे. आपल्याकडचा शेतातला माळा तो हाच. चार मेढी, वर फांद्या आणि कडबा, हातात गोफण. शाळू हुरड्यात आला की त्या माळ्यावर बसणारा माणूस दिवसभर आकाश, पाखरे आणि कणसे यांखेरीज दुसरे काही पाहत नसे. त्याला कोणी ध्यान म्हटले नाही, कारण तो पोटासाठी बसला होता. मला मात्र त्याची बैठक कोणत्याही साधनाशिबिरातील बैठकीपेक्षा कमी एकाग्र वाटत नाही. सीरियातले संत सिमेऑन सुमारे सदतीस वर्षे खांबावर राहिले आणि इ. स. ४५९ मध्ये तिथेच निवर्तले. तेही देखाव्यासाठी वर चढले नव्हते. लोकांची वर्दळ टाळावी म्हणून ते खांब उंच करवून घेत गेले. वर्दळ काही टळली नाही. गाऱ्हाणी घेऊन माणसे खाली उभीच राहिली आणि सिमेऑन त्यांना उत्तरे देत राहिले.

आधुनिक काळात असा मनोरा साधलेला पाहायचा तर जर्मनीतील आयफेल प्रदेशात जावे लागते. वाखेनडॉर्फ गावाच्या शेतात पीटर झुमथोर या स्विस वास्तुविशारदाचे एक लहान प्रार्थनामंदिर २००७ साली पूर्ण झाले. ते बांधून घेतले एका शेतकरी दांपत्याने, स्वतःच्या जमिनीवर. ११२ झाडांची खोडे राहुटीसारखी एकमेकांना टेकवून उभी केली. त्यांभोवती शेतकरी आणि त्याच्या मित्रांनी काँक्रीटचे चोवीस थर एकावर एक चढवले. मग आत धुमसता विस्तव ठेवून तीन आठवडे ती खोडे जाळली. मागे उरली ती खोडांच्या खाचा अंगावर वागवणारी काळवंडलेली पोकळी. उंची बारा मीटर. माथा उघडा, म्हणून ऊन आत येते तसा पाऊसही येतो आणि शिशाच्या जमिनीवर पाणी साचते. वीज नाही, नळ नाही. गाडी दूर ठेवून शेतातल्या वाटेने चालत जावे लागते.

या वास्तूचे खरे बळ मला वेगळ्याच गोष्टीत दिसते. बाहेरून मनोरा असूनही तिच्यावर चढता येत नाही. आत गेलेला माणूस तळाशीच उभा राहतो आणि वर पाहतो. भोवतालचे शेत त्याला दिसतही नाही. दिसतो तो आभाळाचा एक तुकडा. ज्यांच्या नावाने ती उभी आहे ते फ्ल्यूचे संत निकोलस, म्हणजे ब्रदर क्लाउस, हेही शेतकरीच, दहा मुलांचे वडील. त्यांची कुटी शिखरावर नव्हती, घराखालच्या घळीत होती.

माझ्या मित्राच्या आराखड्यात याच्या नेमके उलटे आहे: वर चढायचे आणि खाली पाहायचे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी झुरिच सरोवराच्या काठी बोलिंगेनला १९२३ पासून स्वतःसाठी मनोरा बांधला. तिथे ते पाणी स्वतः भरत आणि लाकडे स्वतः फोडत. मौनाइतकाच त्या श्रमांचाही त्या जागेत वाटा होता. आपल्या आराखड्यात मात्र पाणी कूपनलिकेतून वर चढते आणि काचेची खोली थंड ठेवायला यंत्रे लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो अशा पर्जन्यछायेच्या मुलखात काचेची खोली म्हणजे भट्टीच. ज्या लोकांनी पांढऱ्या मातीची धाब्याची घरे बांधली, त्यांना हे वास्तुशास्त्र न शिकताही कळत होते.

त्याहून मोठा आक्षेप माळरानाच्या वतीने आहे. आपण माळाला पडीक म्हणतो, आणि पडीक जागेवर काहीही बांधले तरी भरच पडली असे समजतो. दौंडजवळच सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या थोडेसेच वर भरते. तिथे चिंकारा, खोकड, लांडगा यांचा वावर आहे. चंडोल आणि धाविक उघड्या भुईवर अंडी घालतात. माळाचे सारे वैभव गुडघ्याखालचे आहे. तिथे उंच काही उभे राहिले की शिकारी पक्ष्याला बसायला आयती जागा मिळते आणि भुईवरची घरटी उघडी पडतात. निसर्ग पाहण्यासाठी बांधलेला मनोरा असा त्या निसर्गावरच टपून बसतो.

आणि वरून काय दिसेल, तेही सांगितले पाहिजे. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, ती पुण्याचे सांडपाणी घेऊन. जलपर्णीचा हिरवा गालिचा चौथ्या मजल्यावरून फार सुंदर दिसतो. काठावरच्या माणसाला त्याचा वास येतो. पलीकडे उसाचे फड. याच शिरूर तालुक्यात, पिंपरखेड-जांबूतच्या परिसरात, २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याने तिघांचा बळी घेतला. त्यांत दोन मुले होती. अंधार पडल्यावर दाराबाहेर पाऊल टाकताना जिथली माणसे थबकतात, तिथे शहरातून आलेल्या आम्ही काचेआड बसून रात्रीच्या शांततेचा आस्वाद घ्यावा, ही कल्पना मला अस्वस्थ करते.

मग इथे ध्यानस्थान असूच नये काय? तसे मी म्हणत नाही. दौंड तालुक्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभे केले. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण या मातीवर ख्रिस्ती प्रार्थनेची जागा कशी रुजते, हे त्यांच्याकडून शिकावे. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुली-बायका त्यांच्या आश्रयाला आल्या. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, आणि त्याच जागी बसून आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, मूळ भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर केले.

तेव्हा मित्राला माझी सूचना अशी की, दोन मजले तरी उतरवावेत, काच काढावी, दगड-माती वापरावी. वाहनतळ दूर गावात न्यावा, आणि चालत येणाऱ्याला वाटेत त्या गावातल्या माणसांशी बोलावेच लागेल, अशी पायवाट आखावी. जागा माळावर नको, एखाद्या राबत्या मळ्याच्या बांधालगत असावी. येत्या शाळूच्या हंगामात त्याने एक सकाळ कोणाच्या तरी माळ्यावर काढावी, असेही मी त्याला कळवले आहे. त्याचे उत्तर आले. माळ्याबद्दल त्याने काही लिहिलेले नाही. वाहनतळ हलवायला तो तयार आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. काचेच्या खोलीचा हिशेब मात्र त्याने अजून मांडलेला नाही.