आवाज जातो तेव्हा : ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’

जुन्या भयपटांचे चाहते जमले की ‘सायको’, ‘द एक्झॉर्सिस्ट’, ‘द शायनिंग’ यांच्यावर भरभरून बोलून होतं आणि मग कुणीतरी ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’चं नाव काढतं. ज्यांनी तो पाहिलेला असतो त्यांचे चेहरे उजळतात. बाकीच्यांनी बहुधा नावही ऐकलेलं नसतं. १९६२ सालचा, कृष्णधवल, जेमतेम सव्वा तासाचा हा अमेरिकी चित्रपट भयपटांच्या पहिल्या रांगेत बसायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याला घाबरवण्यासाठी तो एक साधी गोष्ट काढून घेतो : आवाज. ते तो कसं करतो, हे सांगायचं तर कथेचा शेवटही सांगावा लागेल.

दिग्दर्शक हर्क हार्वी हा कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावी ‘सेंट्रॉन’ या कंपनीसाठी शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणारा माणूस. कॅलिफोर्नियाहून मोटारीने परतताना युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी त्याला ‘सॉल्टेअर’ दिसलं. एकेकाळी नाचगाण्यांनी गजबजलेली, घुमटांची ती वास्तू तेव्हा ओस पडली होती. कंपनीतल्या जॉन क्लिफर्ड या सहकाऱ्याकडून त्याने पटकथा लिहून घेतली, सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये आणि तीनेक आठवड्यांत चित्रीकरण उरकलं. सेट उभारायला पैसे कुठले? म्हणून खरी दुकानं, खरे रस्ते, खरं चर्च. माहितीपटवाल्याची सरळ, न सजवलेली नजर चित्रपटभर टिकते. म्हणूनच या नेहमीच्या जगात काही विपरीत घडू लागलं की त्यावर अविश्वास दाखवणं जड जातं.

पुलावर शर्यतीच्या नादात तीन तरुणींची मोटार नदीत कोसळते. शोध चालू असतानाच, बऱ्याच वेळाने, मेरी हेन्री एकटी चिखलाने माखून पाण्याबाहेर येते. ती ऑर्गन वाजवते. युटामधल्या एका चर्चची नोकरी धरण्यासाठी ती निघते आणि वाटेत, रात्री, गाडीच्या काचेत तिला एका पुरुषाचा पांढराफटक चेहरा दिसतो. तो पुढे तिचा पिच्छा सोडत नाही. ही भूमिका हार्वीने स्वतःच केली आहे. पण चित्रपटातली खरी भीती त्या चेहऱ्यात नाही.

ती कपड्यांच्या दुकानातल्या प्रसंगात आहे. मेरी एक पोशाख घालून पाहत असते. पडद्यावरचं चित्र पाण्यावर तरंग उठावा तसं क्षणभर हलतं. ती बाहेर येऊन विक्रेतीशी बोलते, पण विक्रेतीला ती दिसतच नाही. ती रस्त्यावर येते. वाहनं धावताहेत, माणसांचे ओठ हलताहेत आणि शहराचा आवाज मात्र बंद पडला आहे. भर दिवस आहे, चांगलं ऊन आहे. अंधार, वादळ, करकरणारं दार यांतलं काहीही हार्वी वापरत नाही. मग बागेत मेरी एका झाडाला हात टेकते, वर पाहते आणि पाखराची किलबिल ऐकू येते. पाठोपाठ अख्खं शहर पुन्हा बोलू लागतं. आवाज जातो तेव्हा आपण नुसते गोंधळतो. तो परत येतो तेव्हा आपल्याला किती हायसं वाटलं, यावरून कळतं की मघाशी आपण किती घाबरलो होतो. पुढे हेच पुन्हा घडतं. बस स्थानकाच्या खिडकीवर मेरी तिकीट मागत राहते आणि आतला माणूस मान वर करत नाही. ते स्वप्न ठरतं, पण तोवर आपल्यालाही आवाजाचा भरवसा उरलेला नसतो.

जीन मूर यांचं संगीतही याच धाग्यात गुंफलेलं आहे. ते ऑर्गनवरच उभं आहे. नायिका ऑर्गन वाजवते, पार्श्वसंगीतही ऑर्गनचंच आणि गाडीतला रेडिओ लावला तरी त्यावर ऑर्गन! हे सूर तिच्या बोटांतून येताहेत की तिलाच कुणी वाजवतंय, हे ठरवता येत नाही. सुरुवातीला ऑर्गनच्या कारखान्यात तिला सल्ला मिळतो की वाजवताना त्यात जीव ओत. तिच्या लेखी चर्च म्हणजे केवळ कामाची जागा. पुढे एकदा सराव करताना तिचे हात खरोखरच तिचे राहत नाहीत. प्रार्थनेचे सूर वाकडे होत जातात, डोळ्यांसमोर त्या ओस सॉल्टेअरमध्ये प्रेतं नाचू लागतात. धर्मगुरू हे संगीत पाखंड ठरवून तिला नोकरी सोडायला लावतात. ज्या क्षणी ती जीव ओतते, त्याच क्षणी तिला बाहेरची वाट दाखवली जाते.

इथे कँडेस हिलिगॉसचा अभिनय दाद घेऊन जातो. मोठ्या, न मिटणाऱ्या डोळ्यांनी ती कायम काहीतरी ऐकायचा प्रयत्न करते आहे असं वाटतं. उलट तिचं कोण ऐकतं? शेजारचा लिंडन लगट करायला टपलेला, डॉक्टर तिला तिच्याच मनाचा अर्थ समजावून देणारा, धर्मगुरू उपदेश करणारे. आवाज शाबूत असतानाही मेरीचं बोलणं कुणापर्यंत पोचत नाही. दुकानातला प्रसंग एवढंच करतो की हे रोजचं वास्तव उघड्यावर आणतो.

चित्रपटात दोष आहेत. संवाद आणि ओठ कित्येकदा जुळत नाहीत, लिंडनचे प्रसंग रेंगाळतात, भुतांच्या तोंडावरची रंगरंगोटी लपत नाही. प्रदर्शनाच्या वेळी तो फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. दूरचित्रवाणीवरच्या रात्री उशिराच्या खेळांनी त्याला चाहते मिळवून दिले आणि १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधल्या (१९६८) प्रेतांवर त्याची छाप आहे.

शेवटी सॉल्टेअरवर प्रेतं मेरीला गाठतात. वाळूतली तिची पावलं एका जागी संपतात. तिकडे कॅन्ससमध्ये नदीतून मोटार वर काढतात, तर आत इतर दोघींबरोबर मेरीचाही मृतदेह. आजच्या प्रेक्षकाला हे आधीच उमगेल; अँब्रोज बिअर्सने मृत्यूच्या उंबरठ्यावरची अशीच कथा १८९० मध्येच लिहिली होती. पण हा चित्रपट कलाटणीवर तगलेला नाही. शेवट ठाऊक असताना तो दुसऱ्यांदा पाहिला की सगळा हिशेब उलटतो. मेरीच्या बाबतीत शांतता हीच खरी अवस्था होती आणि प्रत्येक आवाज उसना होता. मग दुकानातल्या प्रसंगापेक्षा बागेतला प्रसंग जास्त चटका लावतो, कारण त्या किलबिलीवर तिचा काही हक्कच नव्हता. भीतीतून करुणेकडे असं नेणारे भयपट फार थोडे आहेत. तेहेतीस हजार डॉलरमध्ये हार्वीने तो पल्ला गाठला, म्हणून या चित्रपटाचं नाव गप्पांच्या शेवटी नव्हे, सुरुवातीला निघायला हवं.