कवीला आवाज देतं कोण?

१९३९ सालच्या ‘शिशिरागम’चे बा. सी. मर्ढेकर आणि १९४७ सालच्या ‘काही कविता’चे मर्ढेकर एकच, हे नाव झाकून वाचणाऱ्याला सहसा पटायचं नाही. पहिल्या संग्रहावर बालकवी आणि माधव जूलियन यांची दाट सावली आहे. हुरहूर आहे, घोटीव वृत्तं आहेत. आठ वर्षांत तिथे मेलेले उंदीर, यंत्रं आणि गर्दीत हरवलेली माणसं आली. मधल्या काळात महायुद्ध होऊन गेलं होतं आणि मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करत होते. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. युद्ध सगळ्यांनीच पाहिलं, नोकऱ्याही सगळ्यांनीच केल्या. मर्ढेकरांनी वेगळं केलं ते हे, की यंत्रयुगाची भेदरलेली अवस्था त्यांनी अभंग आणि ओवीच्या चालीत बसवली. संतांच्या तोंडची लय आणि गिरणीच्या भोंग्याचं जग एकमेकांवर आदळलं, आणि त्यातून जो आवाज निघाला तो त्यांचा ठरला. सरकारला तो अश्लील वाटला. खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले.

‘स्वतःचा आवाज शोधा’ हा सल्ला नवकवींना उठता-बसता दिला जातो. जणू तो आत कुठे पुरून ठेवलाय आणि उकरला की हाती लागेल! मराठी कवितेचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. आवाज बहुधा बाहेरून आला आहे: शेजारच्या खोलीतून, कामाच्या जागेवरून, दुसऱ्या कुणाच्या तोंडून.

नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलं आणि वाढवलं. पुढे शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक झालेल्या या कवीचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली आला. त्यातला ‘मी’ एकटा बोलतच नाही. त्याच्यामागे चाळ आणि युनियनची सभा उभी असते. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. कामाठीपुऱ्याच्या आसपासची बोली, धंद्यातले शब्द, शिव्या, आणि त्यांच्याच शेजारी प्रतिमांचा प्रचंड लोंढा. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची, पण त्यांनाही कित्येक शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. मध्यमवर्गीय वाचक आपल्याच भाषेत परका ठरला. ही त्या पुस्तकाची खरी करामत.

अरुण कोलटकरांची गोष्ट याहून गमतीची. कोल्हापूरचा हा माणूस पेशाने जाहिरातक्षेत्रातला नामांकित चित्रकार, लिहायचा मराठीत आणि इंग्रजीत. शिवाय मुंबईच्या फुटपाथवरच्या हिंदीतही त्याने कविता केल्या. इंग्रजी ‘जेजुरी’ला १९७७ मध्ये राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, त्याच वर्षी पहिला मराठी संग्रह निघाला, आणि मग पुढचं मराठी पुस्तक यायला २००३ साल उजाडलं. एवढा काळ माणूस गप्प होता असं नाही. तो ऐकत होता. भजन गाणाऱ्या बळवंतबुवांच्या गप्पांतून ‘चिरीमिरी’ घडलं. तिथे कोलटकरांनी स्वतःला जवळजवळ पुसून टाकलं आहे, आणि तरीही एकही ओळ दुसऱ्या कुणाची वाटत नाही. त्यांनी आणि दिलीप चित्र्यांनी तुकाराम इंग्रजीत नेला, तोही याच कानाच्या सवयीचा भाग. शेजारची टपरी असो की सतराव्या शतकातला वाणी, बोलणं नेमकं टिपायचं.

मग आज?

आज भूगोल विस्तारला आहे, यात शंका नाही. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ने १९८७ मध्ये भिली बोली छापील पानावर आणली, भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ त्यानंतर तीनच वर्षांनी आला. बंजारा समाजातून आलेल्या वीरा राठोड यांना ‘सेन सायी वेस’साठी २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दौंड तालुक्यात शेती करणाऱ्या कल्पना दुधाळ मातीबद्दल लिहितात तेव्हा ती निबंधातली काळी आई नसते. तिच्यावर रोज राबणाऱ्या बाईची ती बरोबरीची असते. बहिणाबाईंची गाणी मुलाने उतरवून ठेवली म्हणून, त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली, वाचकांपर्यंत पोचली. आता अशा बायका स्वतः लिहितात, स्वतः छापतात.

पण ढिगाने निघणाऱ्या संग्रहांपैकी फार थोड्यांत कान दिसतो. शेतकऱ्याची आत्महत्या, बापाची बंडी, आईचं ठिगळाचं लुगडं ही सामग्री खरी असते; ती सांगणारा सूर मात्र संमेलनाच्या व्यासपीठावर तयार झालेला असतो. टाळी कुठे पडेल हे ओळीला आधीच ठाऊक असतं. शहरी कवितेचं वेगळं नाही: मॉल, मोबाइल, एकटेपणा, आणि शेवटी एक तुटक ओळ. विषय नवा असला की आवाज नवा झाला, असा समज समीक्षकांनीही पसरवला आहे. कवीची जात, जिल्हा आणि व्यवसाय नोंदवून परीक्षण उरकतं. लय, वाक्याची मोडणी, शब्दांची निवड यांवर दोन परिच्छेदही मिळत नाहीत.

याचं एक कारण संपादकांच्या टेबलावर शोधायला हवं. ‘सत्यकथा’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन साहित्य परत पाठवत, काय खटकलं ते कळवत, पुन्हा लिहायला लावत. त्या शिस्तीचा जाचही होता. म्हणून तर राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ साली ‘सत्यकथे’चा अंक जाळला आणि लघुनियतकालिकांनी आपली वेगळी वाट काढली. तरी दोन्हीकडे कवीला अडवणारं, उलट विचारणारं कुणीतरी होतं. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. लघुनियतकालिकं त्याआधीच पांगली होती. आज पैसे भरले की संग्रह निघतो आणि प्रकाशन समारंभात वक्ते पुस्तक न वाचताच कवीच्या वेदनेबद्दल बोलतात. तिसऱ्या पानावरची ओळ ढिली आहे, हे त्याला सांगणारं त्या सभागृहात बहुधा कुणीच नसतं.