'मेतानोइया' : एक ग्रीक शब्द आणि आपल्या तीन भाषा

पांढुर्णा-सौंसर भागात घरची मराठी, शाळेची हिंदी आणि मुस्लिम मोहल्ल्यांतील उर्दू या तिन्ही भाषा एकाच वर्गात बसतात. अनुवादाचा अभ्यास शिकविणाऱ्यास ही मोठीच सोय आहे. 'नव्या करारा'तील 'मेतानोइया' या ग्रीक शब्दाचे उदाहरण घेऊ. मत्तयाच्या शुभवर्तमानात योहान आणि पुढे येशू आपल्या उपदेशाचा आरंभच त्याच्या क्रियापदाने करतात. प्रचलित मराठी बायबलने तेथे 'पश्चात्ताप' घेतला, उर्दूने 'तौबा', तर हिंदीने 'मन फिराना'.

'मेता' म्हणजे नंतर किंवा पालट, आणि 'नूस' म्हणजे मन, बुद्धी. 'पश्चात्' हा 'मेता'ला जुळतो, पण 'ताप' कोठून आला? मूळ शब्दात जळणे नाही. केवळ व्युत्पत्तीवरून अर्थ ठरविणे धोक्याचे असते हे खरे. म्हणून वापर पाहावा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल म्हणतो की, ईश्वराला अनुसरून झालेले दुःख 'मेतानोइया' घडवून आणते. म्हणजे दुःख हे कारण आणि मेतानोइया हे कार्य. तेथे 'पश्चात्ताप' घातला की दुःखातून दुःखच निपजते. शिवाय मत्तयाने यहूदाच्या पस्तावण्यासाठी 'मेतामेलोमाई' हे वेगळे क्रियापद योजले आहे. आपला 'पश्चात्ताप' खरे तर तेथे अधिक शोभला असता.

'तौबा'चे मूळ अरबी धातूत असून त्याचा अर्थ परत फिरणे. हिब्रू 'शूब' त्याचाच सगोत्र. सुरियानी बायबल 'पेशित्ता'मध्येही याच ठिकाणी याच धातूचे रूप आहे. येशूची बोली आरामी होती, हे ध्यानात घेता उर्दू अनुवादकाच्या हाती मूळ शब्दाचा नातलगच लागला, असे म्हणता येईल. (इंजील आणि कलीसिया हे शब्द तर ग्रीकमधूनच फिरत फिरत उर्दूत आले, मराठीने त्यांचा अर्थ घेऊन 'शुभवर्तमान' आणि 'मंडळी' केले.) मात्र बोलण्यातील 'तौबा तौबा'ने त्या शब्दाची धार पुष्कळ बोथट केली आहे.

मराठी अनुवादकांना दोष देताना एक गोष्ट विसरू नये. वारकरी परंपरेत 'अनुताप' हा शुद्ध करणारा अग्नी आहे. त्या कानांना 'पश्चात्ताप' नुसता हळहळीचा वाटत नाही. पण नेमकी हीच अडचण पंडिता रमाबाईंना जाणवली होती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा स्वतंत्र अनुवाद केला आणि १९२२ साली मृत्यूपूर्वी तो पूर्ण केला. हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द टाळावेत आणि खेड्यातल्या बाईला कळेल असे लिहावे, हा त्यांचा आग्रह होता.

या तिघांत मला हिंदीचा 'मन फिराना' सर्वांत नेमका वाटतो. त्यात 'नूस' आहे आणि सेमिटिक भाषांतले वळणेही आहे. मराठीत 'मन पालटणे' रोजच्या बोलण्यात आहेच. पौलाच्या त्या वाक्यात ते घालून पाहिले, तर दुःख आणि त्याचे फळ पुन्हा वेगळे होतात.