‘दम’ आणि नाडी : एका मापाची चिकित्सा

तीव्र श्रम थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडीचे ठोके कितीने उतरतात, या एकाच आकड्यावरून निरनिराळ्या खेळांतील खेळाडूंची तुलना करण्याकडे कल दिसतो. हे माप उपयुक्त आहे. परंतु सर्व खेळांत त्याचा अर्थ एकच मानणे चिंत्य होय.

मापाचा पाया भक्कम आहे. इमाई आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले की, पहिल्या तीस सेकंदांतील उतार मुख्यतः व्हेगस मज्जातंतूच्या कार्यामुळे घडतो. दमसासाच्या खेळाडूंत तो जलद, तर हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांत मंद आढळला. पुढे १९९९ मध्ये कोल आणि सहकाऱ्यांनी बारा ठोके वा त्याहून कमी उतार हे धोक्याचे लक्षण ठरविले. मात्र हे निरीक्षण श्रमचाचणीसाठी आलेल्या, सरासरी ५७ वर्षे वयाच्या व्यक्तींचे असून श्रमानंतर त्यांना सावकाश चालविले जात होते. चाचणी संपताच रुग्णास निजविले असता हीच मर्यादा अठरा धरली जाते. म्हणजे आकडा आसनानुसारही बदलतो.

आता आपले खेळ पाहू. फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांमध्ये तीस सेकंदांचीच विश्रांती असते. कबड्डीत तीस सेकंदांची चढाई संपवून परतलेल्यास काही वेळाने पुन्हा चढाईस जावे लागते. येथे नाडीचा उतार हा प्रत्यक्ष खेळाचाच भाग होय. याउलट बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ साली बर्मिंगहॅम येथे ८ मिनिटे ११.२० सेकंदांत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले; त्या शर्यतीत मध्ये उसंत नाही. तेथे उतार दिसतो तो शर्यतीनंतर, साधनेची खूण म्हणून. एका आकड्याची ही दोन भिन्न कार्ये आहेत.

भाषेची साक्षही अशीच आहे. मराठीत दम ‘लागतो’, ‘टिकतो’, आणि माणूस दम ‘खातो’. कबड्डीतील ‘दम’ तर एका श्वासात चाललेला उच्चार होय. क्रियापदे हे भेद राखतात. नुसते नाम घेतले की ते पुसले जातात. शिवाय हे सारे शब्द श्वासाचे आहेत, नाडीचे नव्हेत. आणि श्वास व नाडी एकाच गतीने स्थिरावतात असे नाही. म्हणून शास्त्रीय लेखनात ‘दम’ न लिहिता ‘नाडी-उतार’ लिहावे, आणि सोबत श्रमाचा प्रकार, आसन व कालावधी नोंदवावा.

हा केवळ परिभाषेचा काथ्याकूट नव्हे. भिवापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पोलीस भरतीच्या १,६०० मीटर धावेची तयारी करणाऱ्या तरुणाची नाडी कोणी तो उभा असता मोजील, कोणी बसल्यावर. त्या आकड्यास वयस्क रुग्णांची मर्यादा लावून त्याला ‘दमाचा कच्चा’ ठरविले, तर निरोगी मुलगा मैदान सोडील. आणि निजवून घेतलेल्या आकड्यावर विसंबल्यास खरा आजारी निर्धास्त राहील. शब्द काटेकोर असावा, तो यासाठी.