आवलीचा सिनेमा

‘संत तुकाराम’ मोठ्या पडद्यावरच पाहावा, असं जाणकार सांगतात आणि त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे फारसं काही नाही. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली तो केला तो भरल्या थिएटरासाठी. गिरगावच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत गणला गेला. तरीही हा चित्रपट घरी, घरच्या माणसांत बसून पाहिला की त्याचा तोल सरकतो. थिएटरात तो तुकोबांचा असतो. घरात तो त्यांच्या बायकोचा, आवलीचा होतो.

आमच्या बाजूला, म्हणजे कल्याणच्या पुढे, अशा पाहण्याला मुहूर्त आयता मिळतो. रेल्वेच्या मेगाब्लॉकचा रविवार. त्या दिवशी बदलापूरहून मुंबई गाठायचं कोणी शहाणा माणूस मनात आणत नाही. गिरगाव-दादरच्या चाळी सोडून अंबरनाथ-बदलापूरला आलेली कितीतरी मराठी घरं इथे आहेत. ज्यांच्या आजोबांनी सेंट्रल सिनेमात ‘तुकाराम’ पाहिला, त्यांची नातवंडं आता तो सेंट्रल रेल्वेच्या कृपेने पाहतात. मध्यंतरी मुंबई दूरदर्शनने शनिवारच्या मराठी चित्रपटावर एक पिढी वाढवली. मग व्हीसीआर भाड्याने आणायचे दिवस आले. रात्रीचं भाडं वसूल व्हावं म्हणून तीन कॅसेटी लागोपाठ लावायच्या आणि तिसरीला निम्मं घर घोरत असायचं. आता उल्हासनगरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेला रुंद टीव्ही भिंतीवर असतो आणि ‘तुकाराम’ फोनवरून त्यावर चढवता येतो.

इथे पहिली हुज्जत रिमोटवरून होते. जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस, टीव्ही आडवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात आणि पैसे मोजून घेतलेला टीव्ही असा वाया चाललेला घरातल्या एका तरी माणसाला पाहवत नाही. तो चित्र ताणतो. मग तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचे गाल सुटतात आणि विठोबा आहे त्याहून ठेंगणा होतो. झूम केलं तर कोणाच्या तरी कपाळावर कात्री. पट्ट्या राहू द्याव्यात. फत्तेलाल हाडाचे चित्रकार, दामले ध्वनीची आणि यंत्राची बाजू सांभाळणारे, दोघेही कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी माणसं त्या चौरसाच्या मापाने बसवली आहेत. बरेचदा सरळ समोरून, तसबिरीत असतात तशी. तुकोबा गाताना आपल्याकडे तोंड करून बसतात, देवही आपल्याकडे तोंड करून उभा राहतो आणि मधे आपण. हॉलमध्ये सतरंजीवर बसलेला माणूस या मांडणीत अलगद जाऊन बसतो. त्यासाठी त्याला काही कळावं लागत नाही, ही त्या मांडणीची खरी करामत.

सुरुवातीलाच एक जागा आहे, ती बहुतेकांच्या बोलण्यात निसटते. तुकोबा अभंग गातात आणि तीच रचना सालोमालो देवळात आपली म्हणून ऐकवतो. शब्द तेच, पण ऐकताना फरक कळायला गाणं शिकलेलं असावं लागत नाही. पागनीसांचं गाणं साधं, श्वासाच्या लांबीचं. सालोमालोच्या गाण्यात संगीत नाटकाचा सगळा सरंजाम, हातवाऱ्यांसकट. संगीतकार केशवराव भोळ्यांनी या एका तुलनेत चित्रपटाचा खटला उभा केला आहे. पुढे पंडितांसमोर जो वाद चालेल, पुरावे जातील, निकाल लागेल, त्याचा निकाल प्रेक्षकाच्या कानात आधीच लागलेला असतो. गंमत म्हणजे भोळ्यांना नाट्यसंगीताचं वावडं नव्हतं. ते स्वतः नाटकांना चाली देणारे. त्या अलंकारांची लज्जत माहीत असलेल्या माणसानेच ते इतके नेमके सालोमालोच्या गळ्यात घातले.

आणि शांताराम आठवल्यांची कमाल पाहा. या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेली बीज आणि वृक्षावरची रचना अनेकांना तुकोबांचीच वाटली, आजही वाटते. दुसऱ्याची कविता आपली म्हणणारा सालोमालो ज्या चित्रपटाचा खलनायक, त्याच चित्रपटाचा गीतकार आपली कविता तुकोबांच्या नावावर जाऊ देतो. घरी हे सांगितलं की कोणीतरी हमखास गाथा काढून शोधायला बसतं. शोधू द्यावं.

आता आवली. ही भूमिका गौरी यांची. हा चित्रपट काढणाऱ्या प्रभात कंपनीत झाडलोटीच्या कामाला आलेली बाई, गर्दीत उभी राहता राहता पुढे आली आणि मराठी पडद्यावरची सगळ्यांत खरी बायको होऊन बसली. तिच्या कामात रंगभूमी औषधालाही नाही. त्या काळच्या बोलपटांतल्या नायिका वाक्य बोलण्याआधी थांबतात, चेहरा उजेडात आणतात, मग बोलतात. आवली चालता चालता बोलते, पाठमोरी बोलते, कामात हात असताना बोलते. तिचा तोंडाचा पट्टा थांबतो तो काम संपतं म्हणून, भावना संपली म्हणून नव्हे. तिच्या वागण्यात म्हैस, पोरं, चूल आणि नवरा एकाच यादीत आहेत आणि त्यांतला नवरा सगळ्यांत कमी उपयोगाचा.

माझ्या आईचं माहेर मावळातलं. ती हा चित्रपट पाहते तो डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त. आवली विठोबाच्या नावाने बोटं मोडायला लागली की आई म्हणते, “आमची मोठी मावशी अशीच बोलायची. अगदी हाच हेल.” शिवराम वाशीकरांनी संवादांचे असे थर लावले आहेत की कोण कुठल्या ओसरीवरचा, हे पोशाख न पाहताही कळावं. पंडित रामेश्वरशास्त्र्यांची मराठी शास्त्राच्या वजनाने वाकलेली, सालोमालोची गोडगोड आणि आवलीची सरळ मातीतून उपटलेली. तुकोबांचं बोलणं या सगळ्यांहून कमी. ज्याच्या नावावर इतके अभंग, त्या माणसाला घरात बोलायला जागाच मिळत नाही, ही विसंगती वाशीकरांनी केवढ्या मायेने जपली आहे!

ज्या प्रसंगाला माझ्या घरी नेहमी चहा थांबतो तो देवळातला. मुलगा आजारी, नवरा भजनात. आवली एका हाताने मुलाला धरून ओढत नेते आणि दुसऱ्या हातात पायताण. देवाला जाब विचारायला निघालेली बाई. या दृश्यावर लोक हसतात आणि हसावंच, कारण ते विनोदी आहे. पण एकदा तिच्या हातांकडे पाहा. एक मुलात गुंतलेला, एक पायताणात. नमस्काराला हातच उरलेला नाही. सगळ्या चित्रपटात माणसं विठोबापुढे हात जोडतात आणि ही एकटी हात भरलेले घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. हे भक्तीच्या विरुद्ध नाही. देव समोर आहे, तो ऐकतो आहे, त्याला चपलेचा धाक कळेल, इतकी खात्री तुकोबांच्या अभंगात जेवढी आहे तेवढीच या हातात आहे. दिग्दर्शकांनी यावर कुणाकडूनही टिप्पणी करवलेली नाही. मोठ्या पडद्यावर पायताण दिसतं. घरात, तीन-चार हातांवर, तिने धरलेला मुलाचा हात दिसतो.

पागनीसांविषयी आधीच इतकं लिहिलं गेलं आहे की मी थोडक्यात आटोपतो. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला हा नट तुकोबा म्हणून प्रभातच्या व्ही. शांताराम यांना पटत नव्हता. दामले-फत्तेलाल आपल्या निवडीवर ठाम राहिले. शांताराम यांना जी नरमाई खटकली, तीच या भूमिकेचा प्राण ठरली. पार्श्वगायन अजून रुळायचं होतं, पागनीस स्वतः गातात, त्यामुळे गाणं सुरू होताना चेहऱ्यावर काही नवं चढत नाही. बोलणारा माणूस आणि गाणारा माणूस एकच राहतो. पुढे घराघरांतल्या तसबिरींत तुकोबांना त्यांचाच चेहरा चिकटला. मला त्यांचं आवडतं ते ऐकणं. आवली बरसत असताना ते ऐकतात. संताचा शांतपणा आणि नवऱ्याचा अपराधीपणा या दोहोंच्या मधलं काहीतरी त्या चेहऱ्यावर असतं. माझ्या बायकोचं मत असं की त्यात अपराधीपणा जास्त आहे. मी वाद घालत नाही.

चमत्कारांचं मात्र घरात नुकसान होतं, हे मान्य करायला हवं. कीर्तनात शिवाजी महाराजांना पकडायला मोगल येतात आणि जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतात, तिथे १९३६ चं थिएटर थरारलं असणार. आमच्याकडे मुलगी विचारते, “हे डबल एक्सपोजर ना?” खरंच आहे. छोट्या पडद्यावर सांधे दिसतात. अंबरनाथच्या शिवमंदिरात हाच अनुभव उलट बाजूने येतो. १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं ते देऊळ. माणसं घाईने पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जातात, दर्शन घेतात आणि निघतात. बाहेरच्या भिंतीवर बोटभर उंचीच्या आकृतींत जो संसार कोरला आहे, त्याला वेळ देणारे थोडे. या चित्रपटाचे चमत्कार म्हणजे गाभारा. घरी बसून मिळतो तो बाहेरच्या भिंतीपुढे रेंगाळायचा वेळ. थांबवा, मागे न्या, पुन्हा पाहा.

एक चमत्कार मात्र आमच्या हॉलमध्ये कधी फिका पडला नाही आणि त्याचं श्रेय उल्हासनगरच्या एका सिंधी मावशींना. आमच्या जुन्या शेजारी. त्यांचं कुटुंब फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलं, त्या कॅम्पाचं १९४९ साली उल्हासनगर झालं. मराठी त्यांना बाजारापुरती येते, अभंगाची तर जवळजवळ नाहीच. रामेश्वरशास्त्र्यांच्या आज्ञेने तुकोबा वह्या इंद्रायणीत सोडतात, घरची माणसं घेऊन तीरावर उपाशी बसतात आणि तेराव्या दिवशी नदी वह्या परत देते. आम्ही मराठी माणसं इथे तुकोबांकडे पाहत असतो. मावशींनी हात जोडले ते पाण्याला. झूलेलाल हा सिंध्यांचा दर्याचा देव, त्याचा बहराणा, म्हणजे पूजेचा थाळ, पाण्यातच जायचा. नदीला दिलेलं नदी ठेवून घेत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दिवसापासून मीही त्या दृश्यात पाणी पाहायला लागलो. विठोबाला दगडाचं रूप आहे, तो कमरेवर हात ठेवून उभा आहे, हलत नाही. नदी त्याच्या उलट, हलण्याशिवाय तिला काही येत नाही. देवाने उत्तर द्यायचं ठरवलं तेव्हा ते चित्रपटात मूर्तीच्या तोंडून न येता वाहत्या पाण्यातून येतं. पुढे मावशींच्या आग्रहाने आम्ही ‘अबाणा’ पाहिला. १९५८ चा सिंधी चित्रपट, शीला रमाणी आणि पोरसवदा साधना. आम्हाला भाषा कळत नव्हती आणि मावशी डोळे पुसत पुसत दुभाषाचं काम करत होत्या. तो चित्रपट वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शिवाजी महाराजांचा नजराणा परत जातो, तो प्रसंगही घरात वेगळा वाजतो. संताने धन नाकारलं, हे पुस्तकात वाचताना एका वाक्यात संपतं. इथे त्या नकाराची किंमत कोण मोजणार, हे आपण आधीचा तासभर पाहिलेलं असतं. मागच्या आठवड्याचं वाणसामान, पोरांची पोटं, हे सगळं आवलीच्या बोलण्यातून आपल्या हॉलमध्ये येऊन पडलेलं असतं. दामले-फत्तेलाल तुकोबांना कमी लेखत नाहीत आणि आवलीला हावरट ठरवत नाहीत. दोन्ही बाजू खऱ्या ठेवून दृश्य पुढे नेणं हे सोपं काम नाही. संतपट काढणाऱ्या पुढच्या कितीतरी लोकांना ते जमलं नाही, त्यांनी संताच्या बायकोला सरळ कजाग करून टाकलं.

शेवटी वैकुंठाचं विमान येतं. तुकोबा आवलीला बरोबर चल म्हणतात. ती जात नाही, तिला पोरं आहेत, घर आहे. थिएटरात सगळ्यांची नजर आकाशात जात असेल. आमच्याकडे विमान दिसेपर्यंत भांडण सुरू झालेलं असतं. मागच्या वेळी मुलगी म्हणाली, “बाबा, तिला खरंच जायचं होतं की नाही, हे कोणी नीट विचारलंच नाही.”

“विचारलं की,” आई म्हणाली. “पण बाईच्या हातात काम असताना विचारलं. असं विचारलं की बाई नाहीच म्हणते.”