‘जातो’ की ‘जाते’? : ‘मित्राची गोष्ट’ आणि समावेशक अध्यापनाचा प्रश्न

लिंगभाव आणि लैंगिकता यांच्या समावेशक अध्यापनाची चर्चा वसाहतोत्तर आफ्रिकेत ‘हे विचार परके आहेत’ या आक्षेपाशी अडते; आपल्याकडेही ती तेथेच अडते. वस्तुतः परका होता तो कायदा. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ सारख्या तरतुदी ब्रिटिश साम्राज्याने पूर्व आफ्रिकेतही नेल्या. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून मुक्त केले. केनियाच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेथील तरतुदी वैध ठरविल्या. तथापि न्यायालयाने दिलेली मोकळीक वर्गात आपोआप पोहोचत नाही. २००७ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी शाळांतील किशोरावस्था-शिक्षणाचा कार्यक्रम रोखला होता. अशा स्थितीत ही जबाबदारी बव्हंशी साहित्याच्या अध्यापकावर येते.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या संदर्भात महत्त्वाचे ठरते. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयात घडणारे हे नाटक सुमित्रा ऊर्फ मित्रा हिच्या नमाविषयीच्या प्रेमाचे आहे आणि त्याचा शेवट मित्राच्या आत्महत्येत होतो. ते ‘समस्यानाट्य’ म्हणून शिकविले की मित्रा हीच समस्या ठरते. मात्र कथा सांगतो तो बापू. आपल्यासमोर येते ती त्याने पाहिलेली मित्रा, याकडे अशा अध्यापनात दुर्लक्ष होते. शीर्षकातील ‘मित्राची’ हे षष्ठीचे रूप ‘मित्र’ या पुल्लिंगी शब्दाचेही आहे आणि बोलीत ‘मित्रा’ या नावाचेही. गौरी रामनारायण यांच्या ‘अ फ्रेंड्स स्टोरी’ या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात ही द्व्यर्थता टिकू शकत नाही.

बेंगळूरच्या जे. पी. नगरात २००४ मध्ये सुरू झालेले ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह मराठी रंगभूमीवरही वावरलेल्या अरुंधती नाग यांच्या पुढाकाराने उभे राहिले. तेथे अनेक भाषांतील प्रयोग होतात. अशा बहुभाषिक परिसरात मराठीचे एक वैशिष्ट्य कन्नडशेजारी ठेवून तपासता येते. कन्नडमध्ये ‘नानु होगुत्तेने’ हे वाक्य स्त्रीपुरुष दोघांचेही असते. मराठीत मात्र ‘मी’ म्हणणाऱ्याला ‘जातो’ किंवा ‘जाते’ यांतून निवड करावीच लागते. नाटकातील नाटकात मित्राला पुरुषभूमिका मिळते. रंगमंचावर तिला पुल्लिंगी क्रियापदाची मुभा आहे. रंगमंचाखाली उतरताच ती संपते.

ही मुभा मराठीला सर्वस्वी अपरिचित नाही. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातील स्त्रिया सहजपणे ‘मी जातो’ म्हणतात आणि शाळा ते ‘अशुद्ध’ म्हणून सुधारते. ही दुरुस्ती वरवर व्याकरणाची असली, तरी परिणामतः ती लिंगभावाचेच शिक्षण ठरते.

अर्थात भाषेकडून फार अपेक्षा करणे योग्य नाही. स्वाहिलीत तृतीयपुरुषी सर्वनामालाही लिंगभेद नाही, तरीही केनियात तो कायदा टिकून आहे. लिंगनिरपेक्ष व्याकरणातून समावेशक समाज आपोआप निर्माण होत नाही. परंतु लिंगसक्तीचे व्याकरण एखाद्या विद्यार्थ्याला गप्प बसवू शकते. स्वतःविषयी बोलताना ‘जातो’ की ‘जाते’ यापाशी अडखळणारा विद्यार्थी वर्गात तोंड उघडत नाही आणि अध्यापक त्याला अभ्यासात मागे पडलेला समजतो. अभ्यासक्रमात एक नाटक वाढविणे त्यामुळे पुरेसे नाही. समावेशक अध्यापनाचा आरंभ त्या क्रियापदाच्या दुरुस्तीपूर्वी क्षणभर थांबण्यातून व्हावयास हवा.